नाताळचा टीपॉय एका दिवसात सजवू नका

चकचकीत गोळे, प्लॅस्टिकची माळ आणि छोटं झाड आणून २४ डिसेंबरच्या संध्याकाळी टीपॉयवर मांडलं, तर तासाभरात काम उरकतं. पण वसईत आम्ही लहानपणापासून बैठकीच्या खोलीतलं हे टेबल चार आठवडे सजताना पाहिलं आहे. दर रविवारी त्यात थोडी भर पडते, आणि नाताळ किती जवळ आला ते मुलांना टेबलाकडे बघूनच कळतं. तुम्हीही तसंच करून बघा.

परात, वाळू, सुरू

नाताळआधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. त्यातला पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान येतो. आदल्या दिवशी टीपॉयवरची वर्तमानपत्रं, रिमोट, चाव्या सगळं उचला. मधोमध लांबीच्या दिशेने जांभळ्या कापडाची पट्टी घाला. जुनी सुती साडी फाडून केलेली उत्तम. आगमनकाळात देवळात, म्हणजे चर्चमध्ये, फादरांचा झगाही जांभळाच असतो.

पट्टीवर दहा-बारा इंचांची परात ठेवा आणि तिच्यात दोन इंच ओली वाळू भरा. या वाळूमुळे मेणबत्ती हलत नाही, मेण टेबलावर सांडत नाही आणि फांद्याही जास्त दिवस ताज्या राहतात. वाळूत चार मेणबत्त्या रोवा, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. रंगीत मिळाल्या नाहीत तर पांढऱ्यांच्या बुडाशी त्या रंगाची रिबीन बांधा. कडेने सुरूच्या वीतभर फांद्या तिरक्या खोचून गोल पुरा करा. किनाऱ्यावर वाऱ्याने पडलेल्या फांद्या भरपूर सापडतात, त्यासाठी झाड ओरबाडू नका. फांद्यांची टोकं ज्योतीच्या बरीच खाली हवीत. वाळलेला सुरू चटकन पेटतो, म्हणून दर शनिवारी फांद्या बदला. मेणबत्ती लावताना पंखा बंद करा आणि जवळ कुणीतरी बसून राहा.

पहिल्या रविवारी एक मेणबत्ती लावायची, दुसऱ्या रविवारी दोन. तिसरा रविवार आनंदाचा, तेव्हा गुलाबी. १८३९ साली हॅम्बुर्गमध्ये योहान विचर्न यांनी गरीब मुलांच्या आश्रमात गाडीच्या चाकावर अशा मेणबत्त्या मांडल्या होत्या, कारण मुलं सारखी विचारायची, नाताळ कधी? ही मुलांसाठीची गोष्ट आहे, म्हणून मेणबत्ती कुणी लावायची हे घरातल्या लहानग्यांनाच ठरवू द्या. हात धरायला मोठं माणूस हवंच.

गव्हाचं शेत आणि गोठा

१३-१४ डिसेंबरला गहू पेरा. घटस्थापनेला पेरतो तसाच: रात्रभर भिजवायचा, उथळ ताटलीत माती पसरून दाट पेरायचा, वरून मातीचा पातळ थर द्यायचा आणि रोज पाणी शिंपडायचं. अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलात तर रोपं पिवळी पडतात. हिरवीगार हवीत म्हणून ताटली खिडकीत ठेवा. नाताळच्या आदल्या दिवशी वीतभर शेत तयार असतं. अधिक नाजूक गवत हवं असेल तर नाचणी पेरा. ती आणखी दोन-तीन दिवस आधी घाला.

हे शेत कडेच्या बुटक्या टेबलावर, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला ठेवा आणि त्यात नाताळगोठा, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, मांडा. पुठ्ठ्याची भिंत आणि वर पेंढ्याचं छप्पर पुरेसं आहे. मारिया, योसेफ, गाय, गाढव, मेंढपाळ आधी येऊ द्या. गव्हाणी मात्र रिकामीच ठेवा. १२२३ मध्ये संत फ्रान्सिस यांनी ग्रेच्चो गावात खराखुरा बैल आणि गाढव उभं करून गोठा केला होता, त्यामुळे जनावरांना मागे ढकलू नका. बाळ येशूला भेटायला येणारे तीन राजे गोठ्यापासून लांब, खोलीच्या दुसऱ्या टोकाला, एखाद्या फडताळावर उभे करा.

चोवीसची संध्याकाळ

आता जांभळी पट्टी काढून पांढरी घाला. परातीच्या मधोमध पाचवी, पांढरी मेणबत्ती लावा. सुरूत पांढरी शेवंती आणि गुलछडी खोचा; डिसेंबरात दोन्ही बाजारात मिळतात. फुलांचा ढीग मात्र नको. सोफ्यावर बसलेल्या दोन माणसांना एकमेकांचे चेहरे दिसले पाहिजेत, म्हणून मांडणी फूटभर उंचीच्या आतच ठेवा. निम्मा टीपॉय मोकळा सोडा. पाहुणे आले की नेवऱ्या, कलकल आणि केकच्या बश्या कुठे ठेवायच्या? माझ्या मते तो फराळ हीच सगळ्यात देखणी सजावट, फक्त बशी रिकामी होऊ देऊ नका.

मध्यरात्रीच्या मिस्सेवरून, म्हणजे चर्चमधल्या उपासनेवरून, परत आल्यावर घरातल्या सगळ्यात लहान मुलाने बाळ येशूला गव्हाणीत ठेवायचं. दुसऱ्या दिवसापासून राजे रोज वीतभर पुढे सरकवायचे: फडताळावरून टीव्हीच्या टेबलावर, तिथून टीपॉयच्या कडेला, आणि ६ जानेवारीला गोठ्याच्या दारात.