बेळगावहून लांबच्या दौऱ्यांसाठी मोटारसायकल कशी निवडावी

गाडी घ्यायची म्हटलं की चर्चा सीसीवर सुरू होते आणि सीसीवरच संपते. दौऱ्याच्या गाडीसाठी आधी तीन गोष्टी कागदावर लिहा: वर्षात जास्तीत जास्त कुठल्या रस्त्यांवर जाणार, मागे कोणी बसणार का, आणि सामान धरून एकूण किती किलो गाडीवर चढणार. या तिन्हींची उत्तरं खरी लिहिली तर यादीतली निम्मी मॉडेल्स आपोआप गळतात.

आपल्या भागात रस्त्यांचे तीन वेगवेगळे स्वभाव आहेत. पहिला राष्ट्रीय महामार्ग 48: निपाणी-कोल्हापूर-पुण्याकडे आणि उलट दिशेला धारवाड-हुबळी-बंगळूरकडे. दुसरा पश्चिमेचा घाट: जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला, खानापूर-लोंढा-रामनगरवरून अनमोड, शिवाय आंबोली आणि तिलारी. तिसरा पूर्वेचा काळ्या मातीचा टापू: अथणी, रायबाग, गोकाक, सौंदत्ती, पुढे विजापूर-बदामी. तिन्हीकडे उत्तम चालेल अशी एकच गाडी मिळत नाही. ज्या रस्त्यावर सर्वांत जास्त वेळ जाणार, त्यासाठी गाडी घ्यावी आणि उरलेल्या दोन ठिकाणी थोडं सोसावं.

महामार्गाला किती ताकद लागते

चौपदरी रस्त्यावर दुचाकीसाठी केंद्राने ठरवलेली कमाल वेगमर्यादा ताशी 80 किलोमीटर आहे. म्हणजे गाडीने 80 वर दिवसभर न दमता चालावं आणि ट्रक ओलांडताना हाताशी थोडा जोर शिल्लक असावा, एवढीच खरी गरज. 20 बीएचपीच्या (बीएचपी म्हणजे इंजिनाच्या ताकदीचं माप) आसपासची 350 सीसीची गाडी हे आरामात करते. एकट्याने कमी सामानात जाणाऱ्याला 160 ते 200 सीसीही पुरते, फक्त वंटमुरी घाटासारख्या चढावर गिअर उतरवावा लागतो. 40 बीएचपीची गाडी लागते ती डबलसीट आणि भरलेल्या बॅगांसह वारंवार बंगळूर किंवा त्याच्याही पुढे जाणाऱ्यांना.

पैशांचा हिशेबही इथेच बसतो. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवर जीएसटी 18 टक्के आहे आणि त्याच्या वर 40 टक्के. रॉयल एन्फिल्डची 349 सीसीची क्लासिक किंवा मिटिओर एका बाजूला पडते, त्यांचीच 452 सीसीची हिमालयन दुसऱ्या बाजूला. हा फरक ज्यांच्या कामाचा नाही त्यांनी तो देऊ नये. त्या पैशात चांगलं हेल्मेट, जाकीट, बूट आणि दोन वर्षांचे टायर येतात.

आणखी एक बाब आधीच ठाऊक असावी: मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, बंगळूर-म्हैसूर महामार्गाच्या मुख्य रस्त्यावरही ऑगस्ट 2023 पासून आहे. मुंबईला जाताना जुन्या रस्त्याने खंडाळ्यातूनच उतरायचं असतं. त्यामुळे ताशी सव्वाशेचा वेग दाखवणारी गाडी इथे फारशी उपयोगी पडत नाही.

कंप: चाचणीत हीच गोष्ट तपासायची

एका सिलिंडरच्या इंजिनात पिस्टनच्या वरखाली हालचालीने कंप तयार होतो आणि इंजिनाचे फेरे वाढले की तो झपाट्याने वाढतो. बॅलन्सर शाफ्ट (कंप कमी करणारा फिरता दांडा) असलं तरी प्रत्येक गाडीला एक वेग असा असतो जिथे आरसे धूसर होतात आणि हँडलला मुंग्या येतात. तो वेग नेमका 75 ते 85 च्या मध्ये आला तर ती गाडी तुमच्यासाठी नाही, बाकी कितीही आवडली तरी. दोन तासांनी बोटं बधिर होतात आणि क्लच-ब्रेकची पकड सुटते.

शोरूमची चाचणी चार-पाच किलोमीटरची, तीही शहरात. त्यात हे कळत नाही. ओळखीत तेच मॉडेल असेल तर काकतीपासून हत्तरगीपर्यंत महामार्गावर सलग 80 ने चालवा, मग परत फिरून जांबोटीच्या रस्त्याने अर्धा तास वळणांवर. ओळखीत नसेल तर गोव्यात दोन दिवस भाड्याने घ्या. तिथे भाड्याच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळे अंक असतात. राज्याच्या सीमेबाहेर न्यायची परवानगी आहे का ते मात्र पैसे देण्याआधी विचारा, कारण कित्येक दुकानं ती देत नाहीत.

उंची आणि वजन

गाडी चालताना जड वाटत नाही. ती जड वाटते घाटातल्या उतारावर थांबवताना, चिखलात उलटी ढकलताना आणि पडल्यावर उचलताना. म्हणून सीटची उंची आणि गाडीचं वजन एकत्र पाहावं. मिटिओर 350 ची सीट 765 मिलिमीटर, क्लासिकची 805, हीरो एक्सपल्स 200 4व्ही ची 825, सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स ची 835. वजनं मात्र साधारण उलटी, बुटक्या गाड्या जड आणि उंच गाड्या हलक्या: मिटिओर 191 किलो, क्लासिक 195, व्ही-स्ट्रॉम 167, एक्सपल्स 160 च्या आत. हिमालयन 450 मध्ये सीट 825 ते 845 अशी बदलता येते, पण गाडी 196 किलोची.

साडेपाच फुटांच्या आतल्या माणसाने बूट घालून बसावं आणि दोन्ही पायांचे चवडे जमिनीला नीट टेकतात का पाहावं. मग स्टँड काढून गाडी दहा पावलं मागे ढकलावी. इथे हात थरथरले तर चोर्ल्याच्या पावसात काय होईल याचा अंदाज येतो. उंच पण हलकी गाडी बुटक्या माणसाला जमते. उंच आणि जड दोन्ही असेल तर टाळावीच.

वाहक क्षमता हा आकडा बहुतेक ग्राहक बघतच नाहीत. मॅन्युअलमध्ये गाडीचं कमाल भारित वजन दिलेलं असतं, त्यातून गाडीचं स्वतःचं वजन वजा करा. उरलेल्या आकड्यात दोन माणसं, जाकिटं-हेल्मेट, बॅगा, बॅगांचं लोखंडी कॅरियर आणि लेगगार्ड सगळं बसलं पाहिजे. 75 आणि 60 किलोची दोन माणसं, अंगावरचं 10 किलो, सामान 20 किलो आणि लोखंड 10 किलो धरलं तर 175 किलो झाले. क्षमता त्याहून कमी निघाली तर मागचा शॉकअप खड्ड्यात तळाला लागतो, पुढचं चाक हलकं होतं आणि वळणावर गाडी डुलते. सामान कमी करा किंवा गाडी बदला, तिसरा मार्ग नाही.

चाकं, टायर आणि पंक्चर

पुढचं चाक 17 इंचाचं असेल तर महामार्गावर आणि घाटातल्या डांबरी वळणांवर गाडी चपळ. 21 इंचाचं असेल तर खड्ड्याची कड चाकाला कमी कोनात भिडते, धक्का कमी बसतो, पण वळणावर गाडी थोडी आळशी होते. 19 इंच हा मधला मार्ग, आणि आमच्या मते बेळगावहून तिन्ही दिशांना फिरणाऱ्याला तोच सर्वांत जास्त सोयीचा.

याहून मोठा प्रश्न ट्यूबचा. अलॉय चाकावर ट्यूबलेस टायर असेल तर खिळा लागला तरी हवा हळूहळू जाते आणि दहा मिनिटांत रबराची वात घालून पुढे निघता येतं. तारांच्या चाकात साधारणपणे ट्यूब असते. हवा एकदम जाते, चाक काढावं लागतं, आणि कणकुंबीच्या पुढे किंवा लोंढ्याच्या जंगलपट्ट्यात पंक्चरवाला जवळ मिळेलच असं नाही. उलट मोठ्या खड्ड्यात अलॉयला तडा जाऊ शकतो. तारांचं चाक वाकतं, पण ते ठोकून-ताणून सरळ करता येतं. महामार्गावर जास्त फिरणार असाल तर अलॉय-ट्यूबलेस घ्या. कच्च्या रस्त्यांसाठी तारांची चाकं घेतलीत तर पुढच्या-मागच्या मापाची एकेक ट्यूब, दोन टायर लिव्हर, चाकाच्या ॲक्सलला बसणारा पाना आणि छोटा पंप कायम सोबत ठेवा, आणि घरी एकदा तरी स्वतः चाक काढून लावून पाहा. हिमालयन 450 ला ट्यूबलेस तारांची चाकं जादा पैशांत मिळतात. परवडत असतील तर जरूर घ्यावीत.

सेंटर स्टँड आहे का, की वेगळा बसवता येतो, हेही विचारा. चेनला तेल लावणं आणि मागचं चाक काढणं त्याशिवाय कटकटीचं होतं.

टाकी

टाकीचे लिटर आणि ॲव्हरेज यांचा सरळ गुणाकार करू नका. 13 लिटरच्या टाकीतून 2 लिटर राखीव वजा करा. उरलेल्या 11 ला 35 च्या ॲव्हरेजने गुणलं की 385 किलोमीटर. घाट, समोरचा वारा आणि डबलसीट यांसाठी 15 टक्के कापले तर राहतात सव्वातीनशे. महामार्गावर एवढं भरपूर आहे. 300 च्या खाली जाणारी गाडी असेल तर जंगलातल्या आणि आडवळणाच्या रस्त्यांवर पंपांचं गणित मांडत बसावं लागतं.

2023 च्या आधीची जुनी गाडी घेणार असाल तर पेट्रोलमधलं 20 टक्के इथेनॉल तिला चालतं का, हे मॅन्युअलमध्ये पाहा. जुने रबरी होज आणि कार्बोरेटरचे सील त्याने कडक होतात किंवा फुगतात. गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका, आत ओल धरते.

ब्रेक आणि दिवे

125 सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं आहे, पण ते फक्त पुढच्या चाकाला आहे की दोन्ही, हे विचारलंच पाहिजे. घाटातल्या ओल्या उतारावर मागचं चाक लॉक झालं की गाडी आडवी होते. दोन्ही चाकांना एबीएस असलेलं मॉडेल काही हजार जास्त देऊनही घ्यावं. पैसे वाचवायचेच असतील तर ते रंगात आणि स्टिकरमध्ये वाचवा.

ऊस हंगामात चिकोडी, रायबाग, अथणी, हुक्केरीच्या रस्त्यांवर रात्री दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर चालतात, कित्येकांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर चिखलाने झाकलेला. रस्त्यावर सांडलेलं पाचट आणि चाकांची माती टायरची पकड घालवते. खानापूरच्या जंगलात आणि अनमोडकडे गवे रस्त्यावर येतात. म्हणून हेडलाइट रात्री चालू करून पाहिल्याशिवाय गाडी पसंत करू नये. प्रकाश कमी वाटला तर फॉग लाइट लावता येतात, पण ते थेट बॅटरीला जोडायचे नसतात. वेगळा रिले (दिव्यांचा करंट चालू-बंद करणारा विजेचा स्विच) आणि स्वतंत्र फ्यूज लागतो, नाहीतर वायर तापून वितळते. अल्टरनेटर (इंजिनावर वीज तयार करणारा भाग) किती वॅटचा आहे हे आधी विचारा. दिवे, फोनचा चार्जर आणि बाकी सगळं मिळून भार त्याच्या पुढे गेला तर बॅटरी वाटेतच उतरते.

दुरुस्ती कुठे होणार

क्लच केबल तुटली, चेनचं लिंक गेलं किंवा ब्रेक पॅड संपले, तर तो भाग कुठल्या गावात मिळेल? हीरो, बजाज, होंडा आणि रॉयल एन्फिल्डचे साधे भाग मध्यम गावांतही मिळतात. महागड्या परदेशी गाडीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर कधी कधी दुसऱ्या जिल्ह्यात असतं आणि भाग मागवायला आठवडा जातो. गाडी पसंत पडल्यावर बेळगावातल्या सर्व्हिस काउंटरवर जाऊन पाच वस्तूंची किंमत आणि उपलब्धता विचारा: क्लच केबल, चेन-स्प्रॉकेट सेट, पुढचे ब्रेक पॅड, एअर फिल्टर, क्लच लिव्हर. पाचपैकी तीन हाताशी नसतील तर गाडी कितीही देखणी असो, दौऱ्यावर ती डोकेदुखी ठरेल.

कॅरियर आणि लेगगार्ड बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत चांगले बनवून मिळतात. नळीची जाडी तर पाहाच, पण नट-बोल्ट गाडीच्या मूळ जागी बसतात का तेही पाहा; चेसीला वेल्डिंग करू देऊ नका, तिथूनच पुढे तडा जातो. बॅगा बाजूला, खाली आणि सीटच्या जवळ. मागच्या पेटीत पाच किलोच्या वर नको, कारण ते वजन मागच्या ॲक्सलच्याही पलीकडे लोंबतं.

जुनी गाडी घेताना

इंजिन थंड असताना जा. आधीच गरम करून ठेवलेल्या गाडीचे चालू होतानाचे त्रास लपतात. पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा. मध्यभागी अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) गेला आहे. फोर्कच्या नळीवर तेलाचा ओघळ म्हणजे ऑइल सील गेलं. स्प्रॉकेटचे दात आकड्यासारखे वाकले असतील तर चेनसकट पूर्ण सेट बदलण्याचे पैसे किमतीतून वजा करा, नुसती चेन बदलून भागत नाही. गोवा-कोकणातून आलेल्या गाडीच्या तारा, सायलेन्सर आणि सीटखालची चेसी खाऱ्या हवेने गंजली आहे का, हे टॉर्च लावून पाहा.

कागदांत आपल्या भागातली एक अडचण नेहमीची. कोल्हापूरची एमएच-09 गाडी स्वस्त वाटते. पण दुसऱ्या राज्यातली गाडी इथे 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की कर्नाटकचा नंबर घ्यावा लागतो. मूळ आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म 28, हस्तांतराचे फॉर्म 29 आणि 30, नव्या नंबरासाठी फॉर्म 27, आणि इथला रस्ता कर. कर्ज असेल तर बँकेचं फॉर्म 35. हा कर आणि धावपळ धरूनच भाव ठरवा. बहुतेक वेळा केए-22 किंवा केए-23 ची तीच गाडी शेवटी स्वस्त पडते. पैसे देण्याआधी परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर नंबर टाकून कर्ज, विमा आणि थकलेली चलनं पाहा, आणि चेसी नंबर स्वतः पुसून वाचा.

नवी गाडी घेतली तर पहिली सर्व्हिस होईपर्यंत, म्हणजे साधारण 500 किलोमीटर, लांबचा बेत नको. त्यानंतर सगळं सामान भरून, मागे बसणाऱ्यालाही घेऊन आंबोलीपर्यंत जाऊन या. घरी आल्यावर चेनचा ढिलेपणा मोजा (बहुतेक गाड्यांना 25 ते 35 मिलिमीटर), कॅरियरचे सगळे बोल्ट तपासा आणि टायरची हवा डबलसीटच्या आकड्यावर आणा. तो आकडा स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) किंवा चेनगार्डवर चिकटवलेला असतो.