फिल्टरचा मीडिया बदलताना: आधी जुना स्पंज कुठाय ते बघा

दीड फूट बाय एक बाय एकच्या माशांच्या टँकमध्ये साधारण ४० लिटर पाणी. आत व्हॅलिस्नेरिया, लाकडाला बांधलेलं जावा फर्न, थोडे गप्पी. एवढ्याशा टँकच्या फिल्टरमध्ये मीडिया, म्हणजे पाणी गाळायला आणि साफ ठेवायला आत भरायचा माल, कोणता घ्यायचा ते दुकानात उभं राहून ठरवू नका, तिथे जे समोर लटकलेलं असतं तेच घरी येतं. आणि नवीन काहीही आणलं तरी जुना स्पंज फेकू नका. ही यादी खरं तर तेवढ्या एका वाक्यासाठीच लिहितोय, बाकीचं तुम्हाला माहीत असेल.

कापूस म्हणजे फ्लॉस घ्या, स्वस्त आहे, घाण झाला की टाकून द्यायचा. फक्त गादी-उशीचा नको.

स्पंज जाड छिद्रांचा, २० ते ३० पीपीआयचा, म्हणजे इंचामागे तेवढ्या छिद्रांचा. त्याहून बारीक घेतला तर झाडांची कुजलेली पानं आठवड्यात तो बुजवून टाकतात आणि धार मंदावते. आपल्याकडे स्पंजच मुख्य ठेवावा याला दुसरं कारण लाइटचं. बंद डब्याचा कॅनिस्टर चार-पाच तास थांबला की आतल्या, पाणी साफ ठेवणाऱ्या जिवाणूंचा ऑक्सिजन संपतो, आणि लाइट आल्यावर तेच कुबट पाणी टँकमध्ये येतं. बॅटरीच्या एअर पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर अशा वेळी तग धरतो.

सिरॅमिक रिंगा मूठभर पुरेत. माशांच्या घाणीतून सुटणारा विषारी अमोनिया झाडं स्वतःच ओढतात, शिवाय जिवाणू खड्यांवर, पानांवर, काचेवरही बसतात, उगं डबा ठासून भरायची गरज नाही. पाण्याच्या वाटेत आधी स्पंज, मग कापूस, शेवटी रिंगा. उलटं लावलं तर रिंगांची छिद्रं गाळाने बुजतात.

कार्बन रोज लागत नाही. लाकडाचा पिवळा रंग किंवा औषध पाण्यातून काढायचं असेल तेव्हा घालायचा आणि काही आठवड्यांत काढून टाकायचा. माशांना औषध देताना आत राहिला तर औषधच शोषून घेतो.

झिओलाइट, म्हणजे अमोनिया धरून ठेवणारे खनिजाचे खडे, नकोच म्हणतो मी. झाडांच्या तोंडचा अमोनिया पळवतो, आणि मासा आजारी पडला म्हणून कुणी मीठ घातलं की धरलेला अमोनिया परत पाण्यात सोडतो. घरोघरी मीठ घालायची सवय आहे, म्हणून सांगतो. दख्खनच्या काळ्या खडकाच्या पोकळ्यांत झिओलाइटचे देखणे स्फटिक सापडतात, ते शोकेसमध्ये ठेवा.

पोवळ्याचे पांढरे तुकडे, संगमरवराची खडी हेही ‘बायो मीडिया’ म्हणून गळ्यात मारतात. आपल्या बोअरच्या पाण्यात आधीच क्षार, त्यात हे आणखी भर घालणार. शंका आली तर कोरड्या खड्यावर व्हिनेगर टाकून नीट बघा. बारीक बुडबुडे उठले तर तो चुन्याचा आहे, परत करा.

आता तो स्पंज. त्याच्या तपकिरी, बुळबुळीत थरातच अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू असतात. नव्या टँकमध्ये ते बसायला चार ते सहा आठवडे जातात. स्पंज म्हणजे विरजण, ते फेकून नव्या दुधाकडे बघत बसण्यात अर्थ नाही. म्हणून फिल्टर उघडायच्या आधी बकेटमध्ये टँकचं पाणी काढून ठेवा. आधी. नंतर नाही. स्पंज बाहेर आला की थेट त्या पाण्यात, गॅलरीच्या कठड्यावर नाही. मे महिन्यात परभणीच्या उन्हात तो बघता बघता वाळतो, आणि वाळला की जिवाणू गेले. त्यानंतर दोन-तीन दिवसांत गप्पी पृष्ठभागावर तोंड काढून श्वास घ्यायला लागतात. ते दृश्य परत बघायचं नाही मला.

नळाखाली धुऊ नका. क्लोरीन असतो, आणि टँकरच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर किती पडली ते टँकरवाल्यालाच ठाऊक. बकेटमधल्या त्याच पाण्यात दोनदा हलका पिळा, चकचकीत करायचा नाही. उरलेलं गढूळ पाणी कुंड्यांना घाला. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं, वाया घालवायची ऐपत आपली नाही.

मग नवीन मीडियाच्या शेजारी जुना स्पंज. शेजारी, बदली नव्हे. जागा नसेल तर कापून अर्धा बसवा, तेही नसेल तर धाग्याने बांधून टँकमध्येच धारेसमोर सोडा. महिना-दीड महिना काढायचा नाही.

दुपारी हे काम नको. पाणी २० अंशाला असेल तर लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरतं, ३० अंशाला साडेसातच. सकाळी उरका.

नव्या रिंगा आधी धुऊन घ्या, पांढरी भुकटी निघते. वरून भरायचं पाणी अँटिक्लोरीन (क्लोरीन मारणारं औषध) घालूनच. खाणं आठवडाभर निम्मं. अमोनियाचं टेस्ट किट असेल तर रोज बघा. मासे वर यायला लागले तर लगेच एक तृतीयांश पाणी बदला, एअर पंप लावा. घरात कुणी आवराआवर करणारं असेल तर बकेटवर चिठ्ठी लावा: यात स्पंज आहे, ओतू नका.