रिमॅप, फिल्टर, एक्झॉस्ट... पावर खरंच वाढली का हे डायनोशिवाय कसं बघायचं

एअर फिल्टर टाकला, रिमॅप मारला (म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदललं), एक्झॉस्ट बदलला आणि गॅरेजवाला म्हणाला पंधरा बीएचपी वाढले. आता हे पंधरा खरंच आलेत का ते बघायला डायनो, म्हणजे रोलरवर गाडी पळवून पावर मोजणारं मशीन लागतं, पण आपल्याकडे डायनो मोजक्याच शहरांत, आणि जवळ असलाच तर बऱ्याचदा तो रिमॅपवाल्याचाच असतो, म्हणजे झालंच. मग लोक काय करतात तर एक राउंड मारून येतात आणि "पिकअप जबरदस्त वाढलाय" म्हणून मोकळे होतात. ह्या वाटण्यावर अजिबात जाऊ नका. आवाज मोठा झाला की गाडी जोरात पळतेय असं वाटतंच, आणि पेडल थोडंसं दाबल्यावर थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) जास्त उघडेल असं सेटिंग केलं की एक बीएचपी न वाढताही गाडी उसळते. पेडल बॉक्स म्हणून जे विकतात ते एवढंच करतं, बाकी काही नाही.

तर उपाय साधा आहे, घड्याळ. एकच गिअर, पेडल पूर्ण दाबलेलं, आणि ठरलेल्या आरपीएमपासून ठरलेल्या आरपीएमपर्यंत जायला किती वेळ लागतो ते मोजायचं. शून्य ते शंभर मोजू नका, त्यात क्लच, टायर फिरणं, गिअर टाकण्याचा वेग सगळं येतं, म्हणजे इंजिन राहतं बाजूला आणि ड्रायव्हरची परीक्षा होते. तिसऱ्या गिअरमध्ये २५०० ते ४५०० आरपीएम हे बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांना बरोबर बसतं, वेग साधारण पंचेचाळीस ते पंच्याऐंशीच्या आत राहतो, म्हणजे रिकाम्या हायवेवर लिमिटमध्येच. डिझेल असेल तर १८०० ते ३५०० घ्या. पेडल २५०० ला नाही, २००० लाच पूर्ण दाबून ठेवायचं, म्हणजे मोजणी सुरू होईपर्यंत इंजिन आणि टर्बो स्थिर झालेलं असतं. जागा सपाट, सरळ, पहाटेची, आणि शेजारी एक जण पाहिजेच, गाडी चालवताना मोबाइल बघत बसायचं नाही.

आता वेळ मोजायचा कशाने. मोबाइलचं जीपीएस बहुतेक वेळा सेकंदाला एकदाच वेग देतं, पाच-सहा सेकंदांच्या रनला ते फारच जाडं पडतं. काट्याचा व्हिडिओ काढून फ्रेम मोजता येतात, चालतं, पण डोकं उठतं. ओबीडी डोंगल (गाडीच्या डायग्नोस्टिक सॉकेटला लावून इंजिनची माहिती मोबाइलवर देणारं) आणि "टॉर्क" नावाच्या ॲपसारखं ॲप चांगलं, फक्त एक करा, स्क्रीनवर दहा गोष्टी लावू नका. स्वस्त डोंगल एकेक गोष्ट विचारत जातं, जितक्या जास्त गोष्टी तितकं प्रत्येकीचं रीडिंग उशिरा येतं. रन चालू असताना फक्त आरपीएम लॉग करा. वेग लॉग करायची गरज नाही, ओबीडीवर तो पूर्ण किलोमीटरमध्येच येतो, आणि गिअर एकच असेल आणि क्लच घसरत नसेल तर आरपीएम म्हणजेच वेग.

पण मला सगळ्यात आवडणारी पद्धत फुकटची आहे, आवाज रेकॉर्ड करायचा. काचा बंद, एसी बंद, गाणी बंद, मोबाइल खडखडणार नाही असा ठेवून रेकॉर्डिंग चालू करायचं आणि घरी येऊन ती फाइल ऑडॅसिटी ह्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कुठल्या क्षणी कुठली फ्रिक्वेन्सी आहे ते दाखवणारं चित्र बघायचं. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनमध्ये एका फेरीत दोन स्फोट होतात, म्हणून आरपीएमला ३० ने भागलं की आवाजाची फ्रिक्वेन्सी मिळते. २५०० ला ८३ हर्ट्झ, ४५०० ला १५०. टियागो किंवा २०२४ ची नवी स्विफ्ट असेल तर सिलिंडर तीन, तिथे ४० ने भागा, म्हणजे ६२.५ ते ११२.५. वर चढत जाणाऱ्या बऱ्याच रेघा दिसतील, त्यातली त्या हिशोबात बसणारी ठळक रेघ पकडायची आणि ती ८३ ला कधी होती आणि १५० ला कधी पोचली ते खालच्या पट्टीवर वाचायचं. सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत आरामात वाचता येतं आणि खर्च शून्य.

आता खरी गोम. काहीही पार्ट बसवायच्या आधी, गाडी आहे तशी असताना, एकाच रस्त्यावर जाताना पाच आणि येताना पाच रन घ्या आणि नुसते बघा की तुमचेच आकडे आपसात किती मागेपुढे होतात. समजा कधी ५.८ आला, कधी ६.२. मग नंतर फिल्टर टाकून ५.९ आला तर त्याचा अर्थ काहीही नाही, तो आकडा फिल्टर नसतानाही येतच होता. ही पायरी सगळे गाळतात, आणि इंटरनेटवरचे निम्मे "०.२ सेकंद कमी झाले" हे ह्याच्यामुळे निकामी. रन घेतल्यावर सगळ्यात भारी आकडा धरू नका, मधला धरा.

दोन्ही दिशांनी का, तर डोळ्याला सपाट दिसणारा रस्ता सपाट नसतो. हिशोब करून बघा, माणसांसकट ११०० किलोच्या गाडीला १ टक्का चढावर साधारण १०८ न्यूटन मागे खेचतात, आणि तिसऱ्या गिअरमध्ये चाकांवर जोर असतो अठराशे न्यूटनच्या आसपास. म्हणजे शंभर मीटरला एक मीटर चढ सहा टक्के खाऊन टाकतो, बिगरटर्बो गाडीच्या रिमॅपने तेवढेच वाढले तरी नशीब समजा. वजनाचंही तेच, सत्तर किलोचा मित्र बसला नाही की सहा टक्के "वाढले". म्हणून दोन्ही वेळा माणसं तीच, टाकी साधारण तेवढीच (वीस लिटर पेट्रोल म्हणजे पंधरा किलो), टायरमधली हवा तेवढीच, आणि पेट्रोल शक्यतो एकाच पंपाचं.

आणि हवामान! पुण्यात डिसेंबरच्या पहाटे १२ डिग्री आणि एप्रिलच्या दुपारी ३८, ह्यात हवा आठ टक्क्यांच्या वर विरळ होते. पावर अगदी तितकी पडत नाही, पण बिगरटर्बो इंजिनला चार-पाच टक्क्यांचा फरक नक्की. एप्रिलमध्ये आधीचे रन आणि डिसेंबरमध्ये नंतरचे, मग काय, कुठलाही फिल्टर भारीच वाटणार. मुंबई आणि पुण्याचे आकडेही एकमेकांना लावू नका, पुणे साडेपाचशे मीटरवर आहे आणि हवेचा दाब तिथे सहाएक टक्के कमी. टर्बो गाडी हे बरंचसं भरून काढते, बिगरटर्बो नाही.

ह्या सगळ्यावर एकच चांगला तोडगा, एकाच सकाळी तीन वेळा मोजणं. आधी स्टॉक (कंपनीतून आली तशी), मग मॉडिफिकेशन, मग परत स्टॉक. पहिला आणि तिसरा आकडा जुळला तरच मधला खरा. ड्रॉप-इन फिल्टर (कंपनीच्याच डब्यात बसणारा) आणि डिझेलचा ट्युनिंग बॉक्स (वायरिंगमध्ये जोडून पावर वाढवणारी डबी) रस्त्याच्या कडेला पाच-दहा मिनिटांत काढता-घालता येतात, तिथे हे न करायला काही कारणच नाही. फिल्टरची तुलना मात्र नव्याकोऱ्या कंपनी फिल्टरशी करा, चाळीस हजार किलोमीटरच्या मातीने भरलेल्या फिल्टरशी नको. एक्झॉस्ट असा काढता येत नाही, तिथे त्याच तापमानाचा दिवस शोधायचा एवढंच.

टक्के काढायचे असतील तर शाळेतलं सूत्र पुरतं. ११०० किलोची गाडी ५० वरून ८० ला न्यायला साधारण १,६५,००० ज्यूल लागतात. ६ सेकंद लागले तर सरासरी २७.५ किलोवॅट, ५.५ लागले तर ३०. दिसायला नऊ टक्के वाढ, पण हवा आणि टायरचा विरोध तोडायला दोन्ही वेळा आणखी पाचेक किलोवॅट लागतातच, ते मिळवले की ३२.५ चे ३५, म्हणजे पावणेआठ टक्के. ही त्या पट्ट्यातली सरासरी आहे, ब्रोशरमधला पीक बीएचपी नाही, तो आकडा ह्यातून काढायच्या नादी लागू नका. घरचा वजनकाटा दोन किलो जास्त दाखवत असला तरी तीन किलो उतरले हे बरोबरच सांगतो, तसंच हे.

काही जण एमएएफ (इंजिनात जाणारी हवा मोजणाऱ्या) सेन्सरच्या ग्रॅम प्रति सेकंदावरून पावर काढतात. पेट्रोलला अंदाज म्हणून ठीक, पण इनटेकचा पाइपच बदलला असेल तर सेन्सरचं गणित बिघडतं आणि तो खुशाल खोटं सांगतो. डिझेल जळायला लागते त्यापेक्षा जास्तच हवा घेतं, तिथे हा हिशोब लागूच होत नाही. सीव्हीटी ऑटोमॅटिकवाल्यांनी आरपीएमची पद्धत सोडा, ठरलेले गिअरच नाहीत, त्यांना सेकंदाला दहा वेळा मोजणारं ड्रॅगीसारखं जीपीएस कुणाकडून तरी मागून आणावं लागेल.

कायद्याचं एक, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीत नोंदलेल्या कंपनीच्या स्पेसिफिकेशनपेक्षा गाडी वेगळी करायला मनाई आहे, वॉरंटीचंही बघून घ्या.

टर्बो पेट्रोलवाल्यांनी अजून एक काम करा. पहाटेचे रन झाले की तीच स्टॉक-रिमॅप-स्टॉक तुलना कडक दुपारी परत करा, दोन रनमध्ये तीन-चार मिनिटं गाडी हळू चालवून इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा गार करणारा) थंड होऊ द्या, आणि वेळ मोजून झाल्यावर एक-दोन रन वेगळे घेऊन त्यात इग्निशन टायमिंग (ठिणगी किती आधी पडते ते) लॉग करा. पहाटे दहा टक्के दिसलेली वाढ दुपारी दोन टक्क्यांवर आली आणि फुल थ्रॉटलला टायमिंग मध्येच खाली पडत असेल तर इंजिन नॉक होतंय (पेट्रोल आपोआप भडकतंय) आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, स्वतःच पावर कापतोय. तो लॉग घेऊन रिमॅपवाल्याकडे जा आणि मॅप मऊ करून मागा, किंवा जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरून तेच रन परत घेऊन बघा.