गाडीत पाणी शिरले असेल, तर किल्ली फिरवू नका

पावसाळा तोंडावर आला की बडोद्यातल्या गाडीवाल्या परिचितांना मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो. गाडी पाण्यात उभी राहिली असेल आणि ते पाणी चाकाच्या मध्यापेक्षा वर चढले असेल, तर पाणी ओसरल्यानंतर ती ‘सुरू होते का पाहू’ म्हणून सेल्फ मारू नये. भिजलेल्या गाद्या वाळतात, कार्पेट बदलता येते, वायरिंगही बरेचदा दुरुस्त होते. पण त्या एका सेल्फने इंजिन गेले, तर होणारा खर्च गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो.

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री नदीची पातळी ३५ फुटांच्या वर गेली, तेव्हा कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीत आमची गाडी आणि शेजारच्या काकांची गाडी एकमेकींना लागून उभ्या होत्या. पाणी उतरले तेव्हा दोन्ही गाड्यांवर चिखलाची रेघ एकाच उंचीवर, हेडलाइटच्या वरच्या कडेला उमटलेली होती. काकांनी सीटवर प्लास्टिक अंथरले, आत बसले आणि किल्ली फिरवली. पहिल्या वेळी इंजिन जड घरघरून अडकले. दुसऱ्या वेळी ‘खट्’ असा एकच आवाज आला आणि त्यानंतर काहीच हलले नाही. मी दोन हातांवर उभा होतो, आणि त्यांना थांबवावे हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. आमच्या गाडीची बॅटरी पाण्यात उतरून गेली होती म्हणून माझ्या हातून तीच चूक झाली नाही, एवढाच काय तो फरक. आमचे इंजिन उघडावे लागले नाही. काकांच्या इंजिनाचे दोन कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला खालच्या दांड्याशी जोडणारे रॉड, वाकलेले निघाले.

असे का होते, हे एकदा समजून घेतले की हात आपोआप आवरतो. इंजिनाला हवा घेण्यासाठी एक तोंड असते. ते बहुतेक गाड्यांत पुढच्या जाळीच्या किंवा हेडलाइटच्या मागे, बॉनेटच्या आत असते. पाणी तिथवर पोहोचले की ते एअर फिल्टरच्या डब्यात आणि तिथून सिलिंडरमध्ये जाऊ शकते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. पेट्रोल इंजिनात पिस्टन हवेला साधारणपणे दहा-अकरा पटींनी दाबतो, डिझेल इंजिनात त्याहूनही बरेच जास्त. म्हणजे बाराशे सीसीच्या चार सिलिंडरांच्या पेट्रोल इंजिनात पिस्टन वर आल्यावर प्रत्येक सिलिंडरमध्ये उरणारी जागा जेमतेम तीस मिलिलिटर, दोन मोठे चमचे भरतील एवढी असते. त्याहून जास्त पाणी आत असेल, तर पिस्टनला पुढे जायला वाटच नसते. नुसत्या सेल्फच्या जोरावर इंजिन कधी कधी फक्त अडकते. पण एखादा सिलिंडर कोरडा असून त्यात इंधनाने पेट घेतला, तर तो सारा झटका शेजारच्या पाण्याने भरलेल्या सिलिंडरवर बसतो आणि रॉड वाकतो.

गाडी कुठे आणि केव्हा हलवावी

बडोद्याचा पूर हा केवळ शहरात पडलेल्या पावसाचा पूर नसतो. विश्वामित्री पावागडच्या डोंगरातून येते, आणि सयाजीराव महाराजांच्या काळात बांधलेले आजवा सरोवर व प्रतापपुरा सरोवर भरले की त्यांचे जादा पाणीही तिलाच येऊन मिळते. त्यामुळे शहरात ऊन पडलेले असतानाही नदी चढत राहू शकते. २०२४ मध्ये अनेकांनी पाऊस उघडला म्हणून उंचावर नेलेल्या गाड्या घरी आणल्या आणि त्याच रात्री त्या पाण्यात गेल्या. म्हणून आभाळाकडे पाहून निर्णय घेऊ नये. आजव्याची पातळी आणि काळाघोडा पुलाजवळची नदीची पातळी पाहून घ्यावा. पावसाळ्यात हे दोन्ही आकडे स्थानिक बातम्यांत दिले जातात. आजवा भरत आला असेल आणि काळाघोड्याची पातळी तासागणिक वाढत असेल, तर समा, हरणी, कारेलीबाग, फतेगंज, अकोटा, मुजमहुडा अशा नदीलगतच्या भागांत राहणाऱ्यांनी त्याच वेळी, दिवसाउजेडी, गाडी हलवावी. २०२५ च्या उन्हाळ्यात नदीचे पात्र खोल आणि रुंद करण्याचे काम झाले आहे, त्याचा उपयोग होईलच. तरीही तळघरात गाडी ठेवून निश्चिंत झोपण्याची सवय मोडलेलीच बरी.

गाडी नेण्याची जागा जूनमध्येच ठरवून ठेवावी: उंच भागातल्या नातेवाइकांच्या सोसायटीचे अंगण, कार्यालयाचा वरच्या मजल्यावरचा पार्किंग तळ, अशी एखादी. ऐन वेळी फोन करत बसलात, तर तोवर वाटेतले गरनाळे, म्हणजे रेल्वेखालून जाणारा भुयारी रस्ता, पाण्याने भरलेले असते. जिथे गाडी ठेवाल तिथे ती चार-पाच दिवस उभी राहील असे धरून चालावे. म्हणून हँडब्रेक ओढून ठेवू नये; ओलसर हवेत मागचे ब्रेक-शू ड्रमला चिकटतात. जमीन सपाट असेल तर गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला पुढून-मागून विटा लावाव्यात.

आणि एकदा पाणी आवारात शिरले की गाडीचा मोह सोडावा. तळघराच्या उतारावरून पाणी आत येत असताना गाडी काढायला खाली जाऊ नये. रात्री अंधारात गुडघाभर पाण्यातून गाडी पाहायला जाण्याचे तर नावच नको. आपल्या नदीत मगरी आहेत, आणि पुरात त्या वस्त्यांपर्यंत येतात हे प्रत्येक बडोदेकराला ठाऊक आहे.

साचलेल्या पाण्यातून जावेच लागले, तर

अलकापुरीच्या गरनाळ्यासारख्या ठिकाणी जोराच्या पावसात पाणी भरतेच, हे गृहीत धरून दुसरा रस्ता घ्यावा. दहा मिनिटे जास्त लागली तरी चालतील. नाइलाज असेल तर पुढच्या गाडीचे चाक पाहावे. निम्मे चाक बुडत असेल तर आपण थांबावे. पाणी वाहते असेल तर त्याहून कमी खोलीतही जाऊ नये, कारण फूटभर उंचीचे वेगवान पाणी लहान गाडी रस्त्यावरून ढकलू शकते. पाण्यात उतरण्यापूर्वी पहिला गिअर टाकावा, एक्सिलरेटर एकसारखा दाबलेला ठेवावा, मध्ये गिअर बदलू नये आणि पाय काढू नये. समोरून बस किंवा ट्रक येत असेल, तर त्याला आधी बाहेर पडू द्यावे. त्याने उठवलेली लाट बॉनेटवर येते आणि तीच हवेच्या तोंडात शिरते. गाडी मध्येच बंद पडली, तर काकांच्या गाडीचा आवाज आठवावा: पुन्हा सेल्फ नाही. काचा आधीच खाली केलेल्या असाव्यात, म्हणजे विजेची यंत्रणा बंद पडली तरी बाहेर पडता येते; मग माणसे गोळा करून गाडी ढकलत बाहेर न्यावी.

पाण्यातून बाहेर आल्यावर थोडे अंतर सावकाश चालवत ब्रेक हलकेच दाबत राहावे, म्हणजे ते वाळतात. घरी पोहोचल्यावर इंजिन थंड झाले की एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा उघडाव्यात. फिल्टरची कागदी घडी हाताला कोरडी लागली आणि डब्याच्या तळावर बोट फिरवल्यावर ओल लागली नाही, तर पाणी आत गेलेले नाही असे समजायला हरकत नाही. घडी भिजून लोळागोळा झाली असेल, तर गाडी पुन्हा चालू न करता मिस्त्रीला घरी बोलवावे.

गाडी बुडालीच, तर

सर्वप्रथम छायाचित्रे काढावीत, आणि तीही गाडी पुसण्याआधी. बाहेरची चिखलाची रेघ, नंबर प्लेट, आतल्या सीटवरची आणि डॅशबोर्डवरची ओल, गाडीभोवतीचे पाणी किंवा गाळ, हे सारे टिपावे. विमा कंपनीचा सर्व्हेअर पाणी कार्पेटपर्यंत होते, सीटपर्यंत की डॅशबोर्डपर्यंत हेच आधी पाहतो, कारण नुकसानीचा अंदाज त्यावरच बांधला जातो. त्याच दिवशी कंपनीला कळवून क्लेम क्रमांक लिहून घ्यावा.

त्यानंतर बॉनेट उघडून बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवावी. बहुतेक गाड्यांत दहा नंबरचा पाना पुरतो. हे काम उशिरापर्यंत टाळले जाते, पण ते फार मोलाचे आहे. ओल्या कनेक्टरांतून वीज वाहत राहिली की तांब्याच्या पिना हिरव्या पडून गंजतात, आणि महिन्या-दोन महिन्यांनी काचा आपोआप खाली येणे, लाइट लुकलुकणे असे विकार सुरू होतात. बॅटरी सुटल्यानंतर स्टीअरिंग मोकळे करण्यापुरती किल्ली फिरवायला हरकत नाही. बटणाच्या गाडीत मात्र बटणाला हात लावू नये. गाडी साखळीने ओढत न नेता फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट पाठीच्या ट्रकवर, चढवून न्यावी. ऑटोमॅटिक आणि चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत तर याला पर्यायच नाही. पूर ओसरल्यावर क्रेनला आणि वर्कशॉपला रांगा लागतात. त्या दोन-चार दिवसांत दारे उघडी टाकून, मॅट काढून, फरशीतल्या रबरी बुचांतून पाणी काढून टाकावे आणि शक्य तेवढे कार्पेट उचलून त्याखालचा फोम वाळू द्यावा. वरून कोरडे दिसणारे कार्पेट खालच्या फोममध्ये आठवडेच्या आठवडे पाणी धरून ठेवते, आणि कुबट वासाचे मूळ तिथेच असते. सीटखाली पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसले तर ते ओढू नयेत. ते एअरबॅगचे असतात.

वर्कशॉपमध्ये काय केले जात आहे, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. ऑईलची काडी काढून पाहावी. ऑईल दुधाळ चहासारखे दिसले, तर त्यात पाणी मिसळले आहे. पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लग आणि डिझेल गाडीचे ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढून, इंजिन आधी हाताने फिरवून पाणी बाहेर काढतात, मगच सेल्फचा विचार करतात. इंजिन ऑईल आणि फिल्टर बदलून गाडी थोडी चालवल्यावर पुन्हा एकदा बदलावे लागते. गिअरबॉक्सचे ऑईल, ब्रेक ऑईल आणि चाकांच्या बेअरिंगचीही तपासणी करून घ्यावी. जो मिस्त्री ‘एकदा मारून बघू’ म्हणत थेट किल्लीकडे हात नेतो, त्याला नम्रपणे थांबवावे.

विजेवर चालणाऱ्या गाडीच्या मालकांनी एवढेच करावे: पाण्यात उभी राहिलेली गाडी चार्जिंगला लावू नये, नारिंगी वेष्टनाच्या केबलला हात लावू नये आणि कंपनीच्या तंत्रज्ञालाच बोलवावे. बॅटरीवर लिहिलेले आयपी ६७ हे मानांकन एक मीटर पाण्यात अर्ध्या तासासाठीचे असते, दोन दिवस गाळात बुडालेल्या गाडीसाठीचे नव्हे.

विम्याची कागदे आजच उघडून पाहा

काकांचा क्लेम इथेच अडकला. त्यांच्याकडे संपूर्ण विमा होता, त्यामुळे गाद्या, वायरिंग, सफाई यांचे पैसे मिळाले. परंतु इंजिनाचे नुकसान पुरामुळे नव्हे, तर पाणी असताना इंजिन फिरवल्यामुळे झाले, असा अहवाल लिहिला गेला आणि ती रक्कम नामंजूर झाली. अशा नुकसानीसाठी ‘इंजिन प्रोटेक्शन’ हे वेगळे ॲड-ऑन, म्हणजे मूळ विम्याला जोडलेले जादा संरक्षण, घ्यावे लागते. ते सहसा नूतनीकरणाच्या वेळीच मिळते आणि गाडी जुनी झाल्यावर बऱ्याच कंपन्या ते देत नाहीत, म्हणून गाडी नवी असतानाच ते घेत राहावे. त्याच्याही अटी वाचाव्यात. ‘झिरो डेप्रिसिएशन’ हे ॲड-ऑन नसेल, तर प्लास्टिक आणि रबराच्या भागांच्या किमतीतून निम्मी रक्कम घसाऱ्यापोटी कापली जाते, आणि पुरात तेच भाग जास्त जातात.

आणखी एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. सप्टेंबर २०१८ पासून नव्या चारचाकीसोबत तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा बंधनकारक आहे, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग बहुधा एकाच वर्षाचा घेतलेला असतो. कागदावर तीन वर्षांपुढची तारीख पाहून मालक निर्धास्त राहतो आणि दुसऱ्या पावसाळ्यात पुरासाठी त्याच्याकडे काहीच संरक्षण नसते, कारण थर्ड पार्टी विम्यात पुराचे नुकसान येत नाही. म्हणून पॉलिसीवरच्या दोन्ही तारखा वेगवेगळ्या वाचाव्यात.

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा-मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल, तर गाडी ‘टोटल लॉस’ धरली जाते. कर्ज बाकी असेल तर ती रक्कम आधी बँकेकडे जाते. गाडी हातची सोडताना फास्टॅग बंद करावा आणि आरसीचे पुढे काय झाले, याचा लेखी पुरावा जवळ ठेवावा, कारण अशा गाड्या धुऊनपुसून पुन्हा बाजारात येतात.

पुढच्या दोन-तीन वर्षांत बडोद्यात जुनी गाडी घ्यायला निघालेल्यांनी म्हणूनच चकचकीत रंगाकडे नंतर पाहावे. डिकीतली स्टेपनी उचलून तिच्या खळग्यात माती आहे का, सीटच्या रुळांवरचे स्क्रू गंजले आहेत का, हे पाहावे. शेवटी पुढच्या सीटचा बेल्ट अगदी टोकापर्यंत ओढून काढावा. गाडी कितीही धुतली तरी गुंडाळलेल्या बेल्टचा तो शेवटचा हातभर पट्टा सहसा कोणी धूत नाही, आणि पाणी कुठवर चढले होते, याची मातकट रेघ त्यावर तशीच असते.