पायथन शिकताय? या चुका टाळा

नववी-दहावीत पायथन सुरू झालं की मुलं एररच्या लाल अक्षरांना घाबरतात. खरं तर लाल अक्षरं आली तर बरंच, गाडी कुठे अडली ते तरी कळतं. मुकाट्याने चुकीचं उत्तर देणारा प्रोग्रॅम जास्त छळतो. (इथे वाचायला सोपं म्हणून आज्ञा आणि आकडे देवनागरीत दिले आहेत. टाइप करताना दोन्ही इंग्रजीतच हवेत, आणि आज्ञा लहान अक्षरांत. 'प्रिंट'चं पहिलं अक्षर कॅपिटल झालं तरी नेम एरर येतो.)

प्रोग्रॅम चालतच नाही

आयडल (पायथनसोबत येणारं, कोड लिहून चालवायचं साधन) उघडल्यावर समोर येते ती शेल, म्हणजे एकेक ओळ लगेच चालवणारी खिडकी. एखादी ओळ करून बघायला ती ठीक, पण पूर्ण प्रोग्रॅम तिथे लिहू नका. कंट्रोल आणि एन दाबून नवी फाइल उघडा, सेव्ह करा, एफ५ दाबा. शेलमधली >>> ही खूण कॉपी होऊन फाइलमध्ये आली तर सिंटॅक्स एरर (लिहिण्याच्या नियमांतली चूक) ठरलेला.

फाइलला 'टर्टल' किंवा 'रँडम' असं, पायथनसोबत येणाऱ्या तयार मॉड्यूलचं नाव देऊ नका. इम्पोर्ट टर्टल म्हटलं की पायथन आधी त्याच फोल्डरमध्ये शोधतं, तिथे तुमचीच फाइल सापडते आणि तिच्यात 'फॉरवर्ड' कुठून असणार? मग अ‍ॅट्रिब्यूट एरर येतो आणि मुलं बिचारी कोड तपासत बसतात. फाइलचं नाव बदला, काम होईल.

वर्डमधल्या नोट्समधून कोड उचलला तर अवतरणचिन्हं वळणदार येतात. पायथनला ती चालत नाहीत. ती खोडून आयडलमध्येच पुन्हा टाइप करा. अशाच उचललेल्या कोडमध्ये टॅब आणि स्पेस यांची सरमिसळ असली तर टॅब एरर येतो. सरळ चार स्पेस ठेवा.

एरर वाचताना शेवटची ओळ आधी वाचा, मग ओळ क्रमांक. त्या ओळीत काही सापडलं नाही तर वरची ओळ बघा. कंस बंद करायचा राहिला की पायथनच्या ३.९ पर्यंतच्या आवृत्त्या बहुधा पुढच्या ओळीवर बोट ठेवतात. ३.१० पासून मात्र कुठला कंस उघडा राहिला ते थेट कळतं.

चालतं, पण उत्तर चुकतं

इनपुटमधून जे येतं तो नेहमी मजकूर असतो. ५ आणि ७ दिले की बेरीज १२ नाही, ५७ येते. हे निदान लगेच दिसतं. तुलनेत फसगत होते ती लपून राहते: मजकूर एकेक अक्षर करून ताडला जातो, त्यामुळे ९ हे १०० पेक्षा मोठं ठरतं. म्हणून इनपुट घेतानाच इंटमध्ये (पूर्णांकात) घाला. ८२.५ सारखी टक्केवारी असेल तर फ्लोट (दशांश संख्या), कारण इंट तिथे व्हॅल्यू एरर देतं. गंमत म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना मराठी कीबोर्डवरून १२ दिलं तर इंट ते बिनतक्रार घेतं, पण कोडमध्ये तेच लिहिलं तर सिंटॅक्स एरर.

दहावीच्या निकालाची श्रेणी काढायचा प्रोग्रॅम बहुतेक जण लिहितात आणि बहुतेक जण एकदा तरी असा लिहितात:

इफ टक्के >= ३५: उत्तीर्ण
एलिफ टक्के >= ४५: द्वितीय श्रेणी
एलिफ टक्के >= ६०: प्रथम श्रेणी
एलिफ टक्के >= ७५: विशेष प्रावीण्य

९० टक्केवालाही नुसता 'उत्तीर्ण'. पहिली अट खरी ठरली की पुढच्या एलिफ बघितल्याच जात नाहीत. मोठा आकडा वर घ्या: ७५, ६०, ४५, ३५. आणि एलिफऐवजी सगळीकडे इफ लिहिलंत तर ९० ला चारही श्रेणी छापून येतील.

सरासरीत कंस विसरू नका. ६० + ७० + ८० / ३ म्हणजे ७० नव्हे, १५६.६७ च्या आसपास, कारण भागाकार आधी होतो.

'इफ उत्तर == "हो" ऑर "होय"' ही अट कायम खरी असते. ऑरच्या पुढचा रिकामा नसलेला मजकूर पायथन खराच धरतं. 'उत्तर ==' दोन्हीकडे लिहायलाच हवं.

रेंज(१, १०) नऊवर थांबतं. साताच्या पाढ्यात ७० गायब असेल तर ११ लिहा.

तपासणी

श्रेणीच्या प्रोग्रॅमला ५० आणि ८० देऊन समाधान मानू नका. ३४, ३५, ४४, ४५, ५९, ६०, ७४, ७५ द्या. > आणि >= यांतली गल्लत नेमकी तिथेच उघडी पडते. लूपचं गणित जुळत नसेल तर वहीत प्रत्येक व्हेरिएबलचा एक रकाना आखा, फेरीगणिक किंमती भरा आणि लूपच्या आत प्रिंट घालून पडद्यावरच्या किंमतींशी ताडून बघा. व्हाइल लूप थांबतच नसेल तर कंट्रोल आणि सी दाबा, मग अटीतल्या व्हेरिएबलची किंमत लूपच्या आत कुठे बदलते ते शोधा. बहुतेक वेळा ती ओळ चार स्पेस चुकल्यामुळे लूपच्या बाहेर पडलेली असते.