हात मोबाइलकडे जाण्याआधी

मोबाइलची सवय मोडायची असे मनावर घेतले की बहुतेक जण थेट निश्चयापासून सुरुवात करतात. उद्यापासून रील बघायच्या नाहीत, अमुक ॲप काढून टाकायचे असे ठरते, चार दिवसांत ते मोडते आणि मग आपल्यातच काही खोट आहे असे वाटू लागते. खोट आपल्यात नसते, सुरुवात चुकलेली असते. मोबाइल हातात आल्यावर स्वतःला आवरणे फार अवघड जाते. तो हातात येण्याआधीचे दोन-चार क्षण मात्र बऱ्यापैकी आपल्या ताब्यात असतात. पुढचे बहुतेक उपाय त्या क्षणांसाठी आहेत.

पहिले तीन-चार दिवस काहीही बदलू नये, नुसते पाहावे. अँड्रॉइडवर ‘डिजिटल वेलबीइंग’ आणि आयफोनवर ‘स्क्रीन टाइम’ ही सोय २०१८ पासून मिळते. त्यात एकूण तासांपेक्षा दिवसातून फोन किती वेळा उचलला किंवा उघडला हा आकडा महत्त्वाचा मानावा, कारण तासांमध्ये कामाचा वेळही मिसळलेला असतो. सोबत एक कागद ठेवावा आणि हात फोनकडे गेला की त्याच्या अगदी आधी काय चालले होते ते दोन शब्दांत लिहावे: कंटाळा, अवघड काम, कोणाची वाट पाहणे, जेवण संपणे. मी हे केले तेव्हा कागदावर सर्वांत जास्त वेळा ‘किती वाजले’ हेच लिहिलेले सापडले. वेळ पाहायला फोन उचलायचा, पडद्यावर एखादे नोटिफिकेशन दिसायचे, ते उघडले जायचे, आणि वीस मिनिटांनी फोन खाली ठेवताना वेळ पाहायची राहूनच गेलेली असायची. मनगटावर घड्याळ आले आणि त्या नोंदी जवळजवळ थांबल्या.

हे असे का होते ते समजून घेतले तर स्वतःवर चिडणे कमी होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की ठरावीक टोचींनंतर दाणा मिळतो तेव्हापेक्षा तो कधी मिळेल याचा नेम नसतो तेव्हा पक्षी अधिक चिकाटीने टोचत राहतो. फोन उघडल्यावर कधी जवळच्या माणसाचा निरोप असतो, बहुतेक वेळा काहीच नसते, आणि ही अनिश्चितताच हाताला पुन्हा पुन्हा तिकडे ओढते. शिवाय फोनवरचा मजकूर कधी संपतच नाही, त्यामुळे आता थांबावे असे वाटायला लावणारी जागाच येत नाही.

म्हणून नोटिफिकेशनची छाननी आधी करावी. खऱ्या माणसाने आपल्यासाठी पाठवलेले निरोप आणि फोन चालू ठेवावेत. सवलती, सुचवण्या, कोणी काय टाकले याच्या वर्द्या सेटिंग्जमध्ये जाऊन एकेक करून बंद कराव्यात. अर्धा तास लागतो, पण तो सत्कारणी लागतो. पडदा कृष्णधवल करण्याचा उपायही करून पाहायला हरकत नाही. काहींना तो लागू पडतो.

सर्वांत मोठा फरक पडतो तो रात्री. चार्जर झोपण्याच्या खोलीबाहेर न्यावा आणि गजराचे साधे घड्याळ आणावे, कारण ‘गजरासाठी लागतो’ या एका सबबीवर फोन उशाशी राहतो. उशिरापर्यंत पडदा पाहिल्याने झोप लागायला उशीर होतो, तो प्रकाशामुळे आणि त्याहून अधिक पाहण्यात मन गुंतून राहिल्यामुळे. अपुऱ्या झोपेनंतरच्या दिवशी लक्ष लागत नाही आणि मन पुन्हा सोप्या करमणुकीकडेच वळते. तातडीचा फोन येईल अशी काळजी असेल तर घंटीचा आवाज मोठा ठेवून फोन बाहेर ठेवावा.

दिवसा काम किंवा अभ्यास करतानाही हेच अंतर उपयोगी पडते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, बंद आवाजाचा फोन टेबलावर असणाऱ्यांपेक्षा तो दुसऱ्या खोलीत ठेवणाऱ्यांची आकलनाच्या चाचण्यांतील कामगिरी सरस ठरली होती. नंतरच्या सगळ्याच प्रयोगांत हा परिणाम तितका स्पष्ट दिसला नाही, तरी उठून जावे लागले की निम्म्या वेळा आपण जात नाही, एवढे कोणीही स्वतःवर पडताळून पाहू शकतो.

घरातल्या माणसांचे नुकसान मात्र कोणत्याही आकड्यात दिसत नाही. मूल काही सांगत असते, आपण ‘हं, हं’ म्हणत अंगठा सरकवत राहतो आणि ते वाक्य अर्धवट सोडून निघून जाते. काही दिवसांनी ते सांगायलाच येत नाही. कोणी बोलायला आले की फोन पालथा घालू नये, हातातून काढून दूर ठेवावा. जेवताना सर्वांचेच फोन दुसऱ्या खोलीत असावेत. मोठ्यांनी हा नियम पाळला नाही, तर मुलांकडून ती अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

सुरुवातीला अस्वस्थ वाटेल, हात मोकळे मोकळे वाटतील. त्या वेळेसाठी हाताशी काहीतरी ठेवावे: अर्धवट वाचलेले पुस्तक, विणकाम, चालायला जाण्याच्या चपला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे जानेवारी २०२२ पासून लागू झाले, गेमिंगच्या विकाराची स्वतंत्र नोंद आहे. स्मार्टफोनच्या व्यसनाची तशी नाही. तरीही झोप, शिक्षण किंवा नोकरी सतत बिघडत असेल, किंवा एकटेपणा आणि उदासी विसरण्यासाठीच फोन लागत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यात संकोच करू नये. अशा वेळी उपचार त्या उदासीवर व्हायला हवा.

महिन्याने फोन उचलण्याचा तोच आकडा पुन्हा पाहावा. तो उतरला नसेल तर कागद परत काढावा आणि जी एक नोंद सर्वांत जास्त वेळा आली असेल, तिच्यावरच पुढचा आठवडा घालवावा.