गोव्यात जुनी फोर बाय फोर घेताय? बॉनेट नंतर उघडा, आधी गाडीखाली शिरा

वर्षानुवर्षं मनात असलेली थार, जिप्सी किंवा स्कॉर्पिओ समोर उभी राहिली की हात आपोआप बॉनेटकडे जातो. गोव्यात मात्र खाऱ्या हवेने लोखंड गंजतं, म्हणून सुरुवात खालून करायची. इंजिन बोअर करून घेता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो. गंजून पोकळ झालेली चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, बदलणं सोपं नाही, कारण गाडीचा चासी नंबर त्याच लोखंडावर कोरलेला असतो.

जाताना जुनं पोतं, टॉर्च, छोटी हातोडी, जाडसर स्क्रू-ड्रायव्हर आणि लोहचुंबक घ्या. मागच्या चाकापुढे चासी जिथे वर वळते तिथे, पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरजवळ आणि बॉडी चासीवर बसते त्या प्रत्येक बोल्टपाशी हातोडीने हलके ठोके द्या. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला, पापुद्रे गळाले किंवा स्क्रू-ड्रायव्हर आत रुतला तर गाडी सोडून द्या, भाव कितीही पाडून मिळत असला तरी. वरवरची तांबूस छटा इथे प्रत्येक गाडीला असते, तिला घाबरू नका. घाबरायचं ते नुकत्याच मारलेल्या काळ्याकुट्ट अंडरकोटला, म्हणजे गाडीच्या पोटाला दिलेल्या गंजरोधक थराला. कोट मारण्याआधीचे फोटो मालकाकडे नसतील तर खाली काय झाकलंय हे ठोकूनच कळणार. डस्टरसारख्या गाडीला वेगळी चासी नसते. तिथे दाराखालचे पट्टे, फ्लोअर आणि सस्पेन्शनचे माउंटिंग तपासा.

मग वर या. मॅट आणि कार्पेट उचलून खालच्या स्पंजला हात लावा. ओल आणि कुबट वास म्हणजे काचेच्या रबरातून किंवा दारातून पाणी आत येतंय. म्हणूनच गाडी शोधायला जुलै महिना उत्तम: जे गळायचं ते तुमच्यासमोरच गळतं. दारांच्या खालच्या कडा, विंडस्क्रीनची चौकट आणि स्टेपनीच्या वजनाने ताणलेले मागच्या दाराचे बिजागर पाहा. पत्र्यावर चुंबक कुठे चिकटत नसेल तर तिथे रंगाखाली पुट्टी आहे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला मातीची रेघ दिसली तर गाडी पाण्यात बुडून आलेली असू शकते.

गाडी कळंगुट-कोलव्याची की वाळपई-फोंड्याची, हे विचाराच. समुद्रालगत उघड्यावर राहिलेल्या गाडीत वायरिंगच्या जोडांवर हिरवट थर, एसी कंडेन्सरची झिजलेली पाती आणि गंजलेले ब्रेक पाइप सापडतात. डिचोली-सांगेकडे खारा वारा कमी लागतो, पण गाडी खाणीच्या रस्त्यांवर फिरलेली असेल तर सस्पेन्शनचे बुश, बॉल जॉइंट आणि एअर फिल्टरची अवस्था बघा.

मालकाला आधीच सांगा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. बॉनेट गरम लागलं तर समजा, सकाळी स्टार्ट व्हायला त्रास देणारी गाडी तापवून ठेवलीय. डिझेलचा निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर येत राहिला तर इंजेक्टर, टर्बो किंवा चोंदलेला एअर फिल्टर. गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर थांबत नसेल तर कूलंट जळत असण्याची शंका घ्या. क्लचसाठी सपाट जागी हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरवर क्लच हळू सोडा; इंजिन लगेच बंद पडायला हवं, घरघरत राहिलं तर प्लेट घसरतेय. ट्रायल सपाट हायवेवर घेऊ नका. शक्य असेल तर चोर्ला घाट चढवा, एसी लावून. तापमानाचा काटा तिथे खरं बोलतो.

लिव्हरने लागणाऱ्या फोर-व्हीलची परीक्षा अशी: मागच्या चाकांना दगड लावा, पुढचं एक चाक जॅकवर उचला, इंजिन बंद, गिअर टाकलेला. टू-व्हीलमध्ये (ताकद फक्त मागच्या चाकांना) चाक हाताने फिरेल. फोर-हायमध्ये (ताकद चारही चाकांना), पुढच्या चाकांना एक्सलशी जोडणारे हब लॉक करून, ते अडायला हवं. फिरतच राहिलं तर डॅशबोर्डवरचा दिवा नुसता शोभेचा. चालवून पाहायचं तर मोकळ्या मातीत. कोरड्या डांबरावर फोर-व्हीलमध्ये वळवलं की ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्यावर, ताण येतो. किनाऱ्यावर नेऊ नका, गोव्यात ते बेकायदा आहेच, शिवाय खारं पाणी थेट ब्रेक आणि बेअरिंगवर उडतं. पुढच्या आणि मागच्या एक्सलवरच्या दोन्ही डिफरन्शियलचे फिलर बोल्ट उघडून बोटाने ऑइल काढा. ते दुधाळ निघालं तर ओढ्यात गाडी घालताना ब्रीदरमधून (हवेच्या नळीतून) पाणी शिरलंय.

टायरवरचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली असली तरी रबर कडक झालेलं असतं, पाच टायरांचे पैसे भावातून वजा करा.

काळ्या पाटीवर पिवळे आकडे म्हणजे स्वतः चालवायला भाड्याने दिली जाणारी गाडी. ती खासगी करून घेतल्याशिवाय व्यवहार नको. पांढऱ्या पाटीच्या गाड्याही चोरून भाड्याने जातात, तेव्हा चारही कोपऱ्यांवरचे ओरखडे आणि रिमचे ठोके मोजा. शेजारच्या सिंधुदुर्गचं एमएच ०७ किंवा बेळगावचं केए २२ पासिंग स्वस्त दिसतं, पण एनओसी (मूळ आरटीओचा ना-हरकत दाखला), गोव्याचा रोड टॅक्स आणि नवं पासिंग धरून हिशोब करा. पंधरा वर्षं भरत आली असतील तर नूतनीकरणाचा खर्चही त्यात येतो.

इसार देण्याआधी आरसीवरचे (नोंदणीपत्रावरचे) चासी नंबर आणि इंजिन नंबर प्रत्यक्ष लोखंडावर जुळवा. परिवहनच्या साइटवर थकलेली चलनं आणि कर्जाची नोंद बघा. कर्ज फिटलेलं असेल तरी ती नोंद काढायला फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र हवंच. ट्रान्सफरसाठी फॉर्म २९ आणि ३० वर सह्या पैसे देतानाच घ्या, आणि विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करायला टाका.

घरी आणल्यावर इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियलचं ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल सगळं बदला. खालून गोड्या पाण्याने धुवा. गंजरोधक कोट मात्र पावसाळ्यात मारू नका, ओल आत अडकून लोखंड आणखी वेगाने खाल्लं जाईल. पावसाळा सरल्यावर चासी आतून-बाहेरून पूर्ण सुकू द्या, मग मारा.